पाणी चोरले कुणी?



पाण्यावरून भांडण झाले नाही असे गाव मला शेती खात्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत भेटले नाही. आज अशाच एका भांडणाची हकिगत सांगतो. त्यात चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

१९९८ सालचा रब्बी हंगाम. गहू फुलोऱ्यात होता. चारीच्या शेपटाकडचे तात्या सकाळीच माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पाळी येऊन दोन दिवस झाले. चारीत पाणी दिसतंय, पण माझ्या वावरात करंगळीएवढी धार येते. गहू हातचा जातो." चारीच्या तोंडाशी नानांची शेती. तिथे मात्र सऱ्या तुडुंब वाहत होत्या. हे नाना म्हणजे तात्यांचे व्याही. तात्यांची लेक नानांच्या घरी दिलेली.

मी तेव्हा तरुण होतो, पदवीचा ताठा होता. पारावरच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोलून गेलो, "वरच्यांनी दारे जास्त उचलली की खालच्यांनी काय करायचे?" नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. त्या दिवसापासून व्याह्यांचे बोलणे तुटले आणि पोरीचे माहेरी जाणेही थांबले.

चार दिवसांनी नाना मला भेटले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, दाराला मी हात लावलेला नाही. माझ्याबरोबर चारीने चाला."

आम्ही चाललो. नानांच्या शेताच्या खालीच दोनेकशे पावलांच्या पट्ट्यात चारी पाणगवताने गच्च भरली होती. लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव हायड्रिला. पट्ट्याच्या वर पाणी काठोकाठ, खाली निम्म्यावर. नानांचे दार होते तेवढेच उघडे होते, पण त्याच्यापुढे पाणी वीतभर उंच चढले होते. पाणी चढले की दाब वाढतो, आणि तेवढ्याच दारातून जास्त पाणी जाते. उरलेले काठावरून पाझरत होते, मुरत होते. तात्यांच्या वाट्याला राहील काय? चोर होता, पण तो पाण्याखाली दडलेला.

मी खिशातली लाल शाईची बाटली काढली. थोडी शाई वरच्या मोकळ्या पाण्यात टाकली, ती बघता बघता पुढे गेली. मग बाटली काठीला बांधून थोडी गवताच्या मुळाशी सोडली. ती तिथेच रेंगाळली. मधूनच शेंड्यांजवळ पाण्याचा एखादा भोवरा फिरे, आतली थोडी लाली वर ओढून नेई आणि वरचे स्वच्छ पाणी आत ढकली. गवताच्या आत पाणी जवळजवळ थबकलेले असते, वरून ते धावते, आणि या दोहोंच्या सीमेवर असे भोवरे उठतात. आतल्या-बाहेरच्या पाण्याची मिसळ मुख्यतः तिथेच होते. त्या भोवऱ्यांनी शेंडे एका लयीत डुलतात, वाऱ्यावर गव्हाचे शेत डुलावे तसे. वाऱ्याने भाताच्या लोंब्यांवर उठणाऱ्या लाटेला जपानी भाषेत 'होनामी' म्हणतात. त्यावरून शास्त्रज्ञांनी पाण्यातल्या या लाटेला 'मोनामी' असे नाव दिले आहे.

आता हिशेब पाहा. आयर्लंडचे इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली मांडलेले सूत्र कालव्यांसाठी आजही वापरतात. त्यात चारीच्या खडबडीतपणाला आकडा देतात. स्वच्छ मातीच्या चारीचा आकडा साधारण ०.०२५ धरतात, तर पाण्याच्या उंचीइतके दाट गवत असलेल्या चारीचा ०.०८ च्या आसपास. म्हणजे उतार आणि पाण्याची खोली तीच असली, तरी वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. थबकलेल्या पाण्यातला गाळ तिथेच बसतो, गाळावर गवत आणखी माजते, आणि दरवर्षी चारी उथळ होत जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जोराच्या प्रवाहात हे गवत आडवे पडते आणि अडथळा कमी होतो. बारीक धारेत ते उभे राहून वाट अडवते. म्हणून अर्धे पाणी दुप्पट वेळ सोडले तर शेपटाला तेवढेच पोहोचेल, हा हिशेब चुकतो.

आवर्तन संपल्यावर दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून चारी साफ केली. तुम्हीही करा, पण रीत सांभाळा. चारी बंद असताना गवत मुळासकट उपटा. हायड्रिलाचा पेर असलेला एवढासा तुकडाही पुन्हा मूळ धरतो आणि त्याच्या गाठी गाळात टिकतात. म्हणून तुकडे खाली वाहू देऊ नका. काढलेले गवत काठापासून लांब नेऊन वाळवा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. चारीत तणनाशक ओतू नका; ते पाणी जनावरे पितात, माणसेही पितात. काठावरचे गवत मात्र राहू द्या, ते बांधाची माती धरून ठेवते.

पुढच्या आवर्तनाला तात्यांच्या वावरात पाणी पोहोचले. त्या वर्षीचा गहू मात्र चिमला तो चिमलाच. नागपंचमीला तात्या स्वतः लेकीला आणायला गेले. नानांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडले नाही.

मी नानांची माफी मागितली, पण ती त्यांच्या ओसरीवर, दोघेच असताना. आरोप पारावर केला होता, तर माफीही पारावरच मागायला हवी होती. ते धैर्य झाले नाही. नाना आज नाहीत, म्हणून ती आज इथे मागतो आहे.

बंधूंनो, पाणी कमी आले तर शेजाऱ्याचे नाव घेण्याआधी एकदा चारीने चालून या. जमले तर त्या शेजाऱ्यालाच बरोबर घ्या.