चित्रे समजली, शब्द अडले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घुग्घुसच्या बाजारातील एका रद्दीच्या दुकानी मला ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एक जीर्ण इंग्रजी अंक मिळाला. ही चित्रकथामाला मुंबईहून १९६४ पासून १९९० पर्यंत प्रसिद्ध होत असे. मजजवळच्या अंकात फ्लॅश गॉर्डन या अवकाशवीराची कथा होती. अलेक्स रेमंड या अमेरिकन चित्रकाराने १९३४ मध्ये त्यास जन्म दिला.

ती चित्रे काय वर्णावी! आमच्या गावी कोळशाच्या व सिमेंटच्या धुळीने झाडांची पानेदेखील करडी दिसतात. येथे तर तांबडे आकाश, जांभळे पर्वत आणि त्यांवरून झेपावणारी अग्निबाण-विमाने! मी देहभान विसरलो. परंतु पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत यंत्रांची व किरणांची अशी काही लांबलचक नावे होती की, पानापानावर माझी गाडी अडू लागली. तरीही सर्व समजल्याच्या ऐटीत मी पाने उलटीत राहिलो.

इतक्यात धाकट्या बहिणीने एका चित्रावर बोट ठेवून विचारले, “दादा, हे यंत्र काय करते रे?”

मी गंभीरपणे म्हणालो, “त्यातून अणुकिरण निघतात आणि काळ थांबतो!”

तिने ते खरे मानले व रात्री जेवताना मोठ्या अभिमानाने आजोबांस सांगितले. आजोबांचे सारे आयुष्य भूमिगत खाणीत गेले. ते मजकडे पाहून हळूच म्हणाले, “मंग थांबलेला काळ चालू कोन करते, बापू?”

मी निरुत्तर झालो. बहीण माझ्या तोंडाकडे पाहात होती.

मग आजोबांनी खाणीतील गोष्ट सांगितली. काम आरंभण्यापूर्वी जुना कामगार सळईने छत ठोकून पाही. घट्ट दगड खणखणीत वाजे. सुटलेला दगड पोकळ वाजे. नवख्यास तो भेद शिकवीत. “ज्याले समजलं नाही अन् तो नाही म्हने, त्याचं भेव नोतं. समजलं नसून मान हालवे, त्याचंच भेव वाटे,” असे ते म्हणाले. त्याच्या एका खोट्या होकारावर चारचौघांचे प्राण अवलंबून असत.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

पुढे शब्दकोश घेऊन मी तो अंक पुन्हा वाचला. काही शब्द खऱ्या शास्त्राचे निघाले. काही लेखकाने मौजेखातर रचलेले होते. त्यांत लेखकाचा अपराध नाही. न समजलेला शब्द मिरविला, हा अपराध माझा. कठीण शब्द काही वैरी नसतो. ‘गोंडवाना’ हा शब्द मला भूगोलात असाच परका वाटे. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने एका प्राचीन महाभूमीस ते नाव दिले. आणि मूळ शब्द तर आपल्याच गोंडांच्या देशाचा! आजोबांनी खणलेला कोळसा त्याच महाभूमीवरील, २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. शब्दाखालची भूमी सापडली आणि शब्द घरचा झाला.

दुसऱ्या दिवशी बहिणीस जवळ बसवून मी तेच पान उघडले व म्हणालो, “हे यंत्र काय करते, ते मला ठाऊक नाही. काल मी थाप मारली.” ती क्षणभर रुसली; मग जवळ सरकून म्हणाली, “तर मग दोघे मिळून शोधू.”