मुका खांब

घसा हे मास्तराचे हत्यार आहे, ही गोष्ट ते बोथट होईपर्यंत कोणताही मास्तर मनावर घेत नाही. मीही घेतली नव्हती. बावीस वर्षे मराठी शिकवतो आहे. एकशेवीस मुलांचा वर्ग, वर खडखडणारे चार पंखे, खिडकीखाली रिक्षांचा थांबा. आणि ध्वनिक्षेपक म्हणाल, तर तो स्नेहसंमेलनालाच काय तो कपाटाबाहेर पडायचा. या साऱ्यावर मात करून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज हा माझ्या अभिमानाचा विषय होता. २०२४ च्या पावसाळ्यात तो घोगरा झाला, भाद्रपदात फाटला, आणि कोजागरीच्या सुमारास एके दिवशी तास चालू असताना वाक्याच्या मध्यावर चक्क नाहीसा झाला. मुलांना वाटले, सर परिणामासाठी थांबले आहेत.

डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून घसा पाहिला. स्वरतंतूंवर दोन बाजूंना दोन गाठी होत्या. "घाबरण्यासारखे नाही. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, तसेच हे," ते म्हणाले. तीन आठवडे मौन, मग आवाजाचे व्यायाम, आणि तरीही गाठी विरल्या नाहीत तर पुढचे पुढे. पुढचे म्हणजे शस्त्रक्रिया, हे मला न सांगता कळले. "अजिबात बोलायचे नाही?" मी कुजबुजलो. "कुजबुजायचे तर मुळीच नाही. त्याने तंतूंवर ताणच येतो."

दिवाळीच्या सुट्टीत कुलूकडे जाण्याची तिकिटे उन्हाळ्यातच काढली होती. थंड, कोरडी हवा घशाला बरी नव्हे, असे डॉक्टरांनी बजावले, पण माझा चेहरा पाहून की काय, पुढे म्हणाले, "जायचेच तर गळा आणि नाक झाकून ठेवा, पाणी भरपूर प्या." भाऊबीज आटोपून आम्ही दोघे निघालो. माझ्या पिशवीत पहिलीतल्या मुलासारखी पाटी-पेन्सिल होती. ही मजेत होती. बावीस वर्षांत प्रथमच तिला वाक्य पुरे करता येत होते. मी मात्र गाडीभर एकच विचार करीत होतो. आवाज परत आलाच नाही, तर मी कोण? पाटीवर लिहून दाखवावा असा हा प्रश्न नव्हता.

पतलीकुहलला बस सोडली, बियास नदीचा पूल ओलांडला, आणि देवदारांतून चढत नग्गरला पोहोचलो. मनालीहून हे गाव वीसेक किलोमीटरवर, पण मनालीची गर्दी इथवर येत नाही. उंची सुमारे १८०० मीटर. सफरचंदे उतरवून झालेली, झाडे उघडी पडलेली. फक्त एका झाडाला पाने गळूनही नारिंगी फळे लगडलेली. त्याला इथले लोक 'जापानी फल' म्हणतात. पहाटे पारा चार अंशांवर असायचा.

नग्गर ही एके काळी कुलूच्या राजांची राजधानी. त्यांचा वाडा अजून उभा आहे. आता त्यात सरकारी हॉटेल आहे. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळईचा एक थर, पुन्हा दगड, पुन्हा तुळई. कोपऱ्यांत तुळया एकमेकींत अडकवलेल्या, मध्ये चुना नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात हा वाडा तरला तो या अडकवणुकीमुळे, असे सांगतात. धक्का आला की ती थोडी हलते आणि पुन्हा जागेवर बसते. वर चढावर रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांचे घर आहे. १९४७ साली ते इथेच वारले. त्यांच्या सुनेचे नाव मात्र आपल्या ओळखीचे निघते : बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी. मालाडच्या स्टुडिओतून ही बाई या देवदारांच्या कुटुंबात कशी आली, याची कथा हिने मला वाटभर ऐकवली. मला हुंकारही देता येत नव्हता.

आमचा मुक्काम एका घरगुती निवासात होता. घरची म्हातारी, सगळे तिला अम्मा म्हणत, दिवसभर सज्जात उन्हाला आणि संध्याकाळी तंदूरपाशी बसून असे. तंदूर म्हणजे रोट्या भाजायचा नव्हे. धुराडे जोडलेली पत्र्याची शेगडी. तिच्या हातात सदैव क्रोशाची सुई आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. मी पाटीवर 'नमस्ते' लिहून दाखवले. अम्माला अक्षरओळख नव्हती. ती माझ्या गळ्याकडे पाहत राहिली. पुण्याहून घेतलेला मफलर मी दोन वेढे मारून बांधला होता, पण त्याचे एक टोक दर दहा मिनिटांनी सुटून पाठीवर जायचे, आणि नेमका कंठापाशी वारा शिरायचा. "मास्टरजी," ती म्हणाली, "जिसके दो सिरे हैं, वह खुलेगा ही."

तिने स्वतःच्या गळ्यातली वस्तू काढून दाखवली. मफलरच, पण टोके नसलेला. डोक्यावरून घालायचा नुसता एक रुंद गोल. मानेवर त्याच्या सैल घड्या पडतात, आणि त्या घड्यांत अडकलेली हवा ऊब धरते. वारा लागला की वरची कड नाकावर ओढायची. मग आपल्याच श्वासाची वाफ लोकरीत राहते आणि आत जाणारी हवा थोडी ऊन, थोडी ओलसर होऊन घशाशी पोहोचते. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट नेमकी हीच होती. मी खिशात हात घातला. अम्माने मान हलवली, कोनाड्यातून एक जाड लाकडी सुई काढली आणि माझ्यापुढे धरली.

आता एक कबुली दिली पाहिजे. क्रोशा हा आमच्या घरात माझ्या विनोदाचा विषय होता. दूरदर्शन संचावर जाळी, फ्रिजवर जाळी, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी. "उद्या मी जागेवर बसून राहिलो तर माझ्यावरही घालशील," असे मी हिला म्हणत असे. तेव्हा हिच्याकडूनच शिकावे, ते सोडून परक्या म्हातारीची शिष्यवृत्ती का? मी पाटीवर हिला तसे विचारलेही. ही म्हणाली, "तुम्हाला शिकवायला बसले, तर पाचव्या मिनिटाला तुम्ही मला शिकवू लागाल. पाटी आहे ना हातात!"

लोकर निवडण्यात एक सकाळ गेली. गावठी मेंढीची लोकर भक्कम, पण तिचा तंतू जाड. मानेच्या कातडीला टोचतो. ती अंगावरच्या पट्टूला ठीक. गळ्यासाठी अम्माने मेरिनोमिश्रित मऊ लोकर घ्यायला लावली, दीडशे ग्रॅम, रंग ओल्या मातीचा. दुकानातून परतताना वाटेत गद्दी मेंढपाळांचा कळप आडवा आला. थंडी पडू लागली की हे लोक वरची कुरणे सोडून खाली उतरतात. कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढ्यांवर वेढे, आणि एक बुवा चालता चालता तकलीवर लोकर कातत होता. पुरुषाच्या हाती लोकर पाहून मला उगाच धीर आला.

विणकामाच्या दोन सुयांवर सगळीच्या सगळी ओळ जिवंत असते. सुई निसटली की दहा टाके घरंगळतात. क्रोशाचे तसे नाही. एक सुई, तिच्या टोकाला आकडा, आणि एका वेळी एकच फास जिवंत. मागचे सगळे बंद होत आलेले. म्हणूनच अम्माने तो धरला होता. तरुणपणी ती पाच सुयांवर मोजे विणी. आता बोटांचे सांधे धरले, पाच सुया पेलत नाहीत. आधी साखळी घालायची, ऐंशी टाक्यांची. ती जोडून कडी करायची. मग एक फेरी मुक्या खांबांची, त्यावर अर्ध्या खांबांच्या फेऱ्या : सुईवर लोकरीचा एक वेढा, सुई टाक्यात, लोकर ओढून बाहेर, सुईवर तीन फास, पुन्हा वेढा, आणि तिन्हींतून एकदम बाहेर. ही नावे अर्थात हिची. अम्मा नुसते करून दाखवी. 'मुका खांब' हे नाव मात्र हिने माझ्याकडे पाहून जरा जास्तच स्पष्ट उच्चारले.

पहिल्या दिवशी साखळीच जमेना. टाके इतके घट्ट, की सुई शिरेना. अम्माने माझी मूठ सोडवली. "गला भी ऐसे ही पकड़ते हो क्या?" दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या आणि मी विजयाने काम तिच्यापुढे धरले. तिने ते बोटांवर फिरवले आणि हसू लागली. कडी जोडताना साखळीला पीळ पडला होता. आमच्या गणिताच्या प्राध्यापकांना तो फार आवडला असता. पण एकदा विणत गेले की हा पीळ काढता येत नाही. सगळे उसवावे लागले. दोन दिवसांचे काम दोन मिनिटांत ओढून निघाले. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने 'पुन्हा लिहा' असे किती सहज लिहीत आलो!

मोजताना तर आणखी पंचाईत. मोजायचे मनात, आणि मनाला बोलण्याची सवय. पस्तीसपर्यंत जावे, की शस्त्रक्रिया, जानेवारीचे तास, निवृत्तीला उरलेली वर्षे, असे काहीतरी मध्ये शिरे आणि आकडा सुटे. अम्मा न पाहताच ओळखी. "सोचो मत, गिनो."

ती स्वतः फार बोलत नसे. एका संध्याकाळी मात्र बोलली. तिचे माहेर लाहौलात, रोहतांग खिंडीपलीकडे. तिथल्या बायकांचे हातविणीचे मोजे नावाजलेले. त्यांना आता भौगोलिक मानांकनही आहे. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा बर्फ पडले की खिंड बंद होई, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे. टेलिफोन नव्हता. "बर्फ गिरा, तो मायका चुप." आई एका माघात गेली, ते हिला चैत्र उलटून गेल्यावर कळले. त्या हिवाळ्यात आईसाठी मोज्यांचे चार जोड विणून ठेवले होते. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा उघडला, नऊ किलोमीटरचा. आता बहिणीकडे जेवायला जाऊन संध्याकाळी परत येता येते. "अब रास्ता है, पर अम्मा नहीं," इतकेच म्हणून तिने तंदूरमध्ये लाकूड सारले. ही तिच्याजवळ सरकून बसली. मला काहीच बोलता येत नव्हते, आणि त्या क्षणी बोलता येत असते तर मी नक्की काहीतरी बोललो असतो.

नंतर चोवीस फेऱ्या भराभर चढल्या. शेवटच्या दिवशी, अक्रोडाचे सारण भरलेले वाफाळते सिड्डू तुपाबरोबर खाऊन झाल्यावर, मी अखेरची मुक्या खांबांची फेरी घेतली. धागा कापून आत दडवला. अम्माने गोल ताणून पाहिला, कड नखाने चाचपली, आणि शेवटच्या फेरीवर बोट ठेवून विचारले, "कितने?"

"अस्सी," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. थोडा लहान, थोडा खरखरीत. हिने चमकून वर पाहिले. मौनाला अजून दोन दिवस बाकी होते. अम्माने तो गोल माझ्या डोक्यातून घातला आणि वरची कड ओढून माझ्या तोंडावर आणली.

जानेवारीत डॉक्टरांनी पुन्हा पाहिले. एक गाठ गेली होती, दुसरी बरीच बसली होती, शस्त्रक्रिया टळली. आवाजाचे व्यायाम रोज करतो. वर्गात कॉलरला लावायचा छोटा ध्वनिक्षेपक मी स्वतःच्या पैशांनी घेतला आहे, आणि वाक्याच्या मध्ये थांबायला शिकलो आहे. मुलांना अजूनही वाटते की ते परिणामासाठी. पुण्याची थंडी ती काय, पण सकाळी सातच्या तासाला मातकट गोल गळ्यात असतो.

सध्या हिच्यासाठी दुसरा घेतला आहे, मोरपंखी. काल साखळी पुरी झाली. कडी जोडण्यापूर्वी ही दोनदा येऊन पीळ पाहून गेली.