ब्रॉडवेवरून खुशाली

रडून झालं की आपल्याला नेहमीच छान झोप लागते, अशा अर्थाचं रशियन संगीतकार चायकोव्स्कीनं लिहून ठेवलंय. न्यूयॉर्कमधली त्याची पहिली रात्र, 26 एप्रिल 1891. धक्क्यावर घ्यायला आलेली मंडळी त्याला हॉटेल नॉर्मंडीत पोचवून गेली, दार लागलं आणि त्याला रडू फुटलं. मग अंघोळ. मग ब्रॉडवेवर फेरफटका. एकमजली घराला खेटून नऊमजली इमारत उभी आहे याचं नवल. खोलीवर आल्यावर पुन्हा रडणं, आणि मग गाढ झोप. हे सगळं एका दमात, एका सुरात. पन्नाशी ओलांडलेल्या, जगभर नाव झालेल्या माणसानं आपल्या रडण्याची अशी रोजच्या हिशेबासारखी नोंद केलेली मी दुसरीकडे कुठे वाचली नव्हती.

तो गेला होता एका नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला. सत्तावन्नावा रस्ता आणि सातवी अव्हेन्यू जिथे मिळतात तिथलं हे ‘म्युझिक हॉल’, पुढे कार्नेगी हॉल म्हणून ओळखलं गेलेलं. वाद्यवृंद-संचालक वॉल्टर डॅमरॉशनं आमंत्रण दिलं होतं, मानधन 2500 डॉलर. वाद्यवृंदासमोर उभं राहणं हे काही त्याचं मुळातलं काम नव्हे. तरुणपणी तो इतका घाबरायचा की आपलं डोकं मानेवरून गळून पडेल असं वाटून डाव्या हातानं हनुवटी धरून ठेवायचा, अशी त्याच्या मित्राची आठवण आहे. त्या भीतीवर मात करायला त्याला कित्येक वर्षं लागली. आणि आता दौरेच्या दौरे. प्रत्येक दौऱ्यात घराकडे लागलेले डोळे, आणि पत्रं.

ही पत्रं मला त्याच्या चरित्रांपेक्षा जास्त प्रिय आहेत. अमेरिकेतून त्यानं पत्रं लिहिली आणि रोजनिशीही घरच्यांनी वाचावी म्हणूनच ठेवली. भाचा बॉबला तो कळवतो की इथे मी युरोपातल्यापेक्षा दहापटीनं जास्त प्रसिद्ध आहे. मॉस्कोतही ज्या रचना अजून माहीत नाहीत त्या इथे वाजवून झाल्या आहेत. आणि त्याच जोडीला न्हाणीघराचं वर्णन: खोलीतच बेसिन, नळाला गार आणि गरम पाणी, सकाळी टबात डुंबताना भावाची, मोदेस्तची, आठवण येते. कीर्ती आणि गरम पाणी एकाच पत्रात, आणि आठवण येते ती गरम पाण्याच्या वेळी. प्रवासात माणसाचं असंच होतं. मोठ्या गोष्टी ज्याच्या त्याला पोचतातच. लहानसहान सुखं मात्र आपल्या माणसाला सांगितल्याखेरीज पुरी होत नाहीत.

पण हाच मोदेस्त काही दिवसांपूर्वी त्याच्याशी एक गोष्ट बोलला नव्हता.

अमेरिकेला निघण्याआधी चायकोव्स्की पॅरिसमध्ये कार्यक्रम करून रूआंला जाऊन राहिला होता. ‘नटक्रॅकर’ बॅले आणि ‘योलांटा’ ऑपेरा ही दोन कामं मानगुटीवर होती. इकडे रशियात बहीण साशा वारली. मोदेस्तला तार मिळाली, तो रूआंला आला, भावाला भेटला आणि काही न सांगता परत फिरला. घरची ओढ लागलीय म्हणून रशियाला जातो, एवढंच बोलला. पुढे समुद्र ओलांडायचाय, परमुलखात उभं राहायचंय, परत आल्यावर कळेलच. मग चायकोव्स्की पॅरिसला आला, एका वाचनालयात शिरला, रशियन वर्तमानपत्र उघडलं, आणि तिथे छापलेलं होतं.

आमच्या लहानपणी वाईट बातमीचं कार्ड कोपरा फाडून यायचं. ते घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडायचं, असा दंडक. आत्याच्या वेळी असंच कार्ड आलं तेव्हा दादा मुंबईला परीक्षेच्या ऐन धामधुमीत होता. आत्यानं त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. वडील म्हणाले, “त्याला काही कळवू नका, पेपर होऊ देत.” कार्ड फाडून झालं, आईनं डोक्यावरून पाणी घेतलं, आणि संध्याकाळी ती नेहमीसारखी दादाला पत्र लिहायला बसली. मी शेजारी होते. विहिरीचं पाणी उतरलंय, लिंबाचं लोणचं घातलंय, शेजारच्या काकूंची म्हैस व्याली, झोप पुरेशी घे. पेनातली शाई संपली तर पुन्हा भरून लिहिलं. पुढच्या दोन्ही पत्रांत तेच: पाणी, लोणचं, म्हैस. खोटी एक ओळ तिनं लिहिली नाही. दादा घरी आला, चपला काढायच्या आत म्हणाला, “आत्या गेली ना गं?” आई नुसती बघत राहिली. तो म्हणाला, “तीन पत्रांत तिचं नाव नाही. तुझं पत्र आत्याशिवाय कधी असतं का?” तो रागावला नाही. ज्या दिवशी तिसरं पत्र आलं त्या दिवशीच आपण पाण्यात उभे राहून तिला तिलांजली दिली, असं त्यानं सांगितलं.

म्हणून मला मोदेस्तला दोष देववत नाही. आपल्या माणसाला बातमीपासून चार दिवस दूर ठेवणं हे घरातल्यांना सुचणारं पहिलं प्रेम असतं. त्यांना एवढंच सुचत नाही, की माणूस बाहेर एकटा असतो आणि वर्तमानपत्रं सगळीकडे मिळतात.

चायकोव्स्कीला वाटलं, सगळं सोडून घरी जावं. पण आगाऊ पैसे घेतलेले, तिकीट काढलेलं. 18 एप्रिलला तो ल हाव्रहून ‘ला ब्रेतान्य’ बोटीत चढला. पहिल्याच दिवशी एका तरुण प्रवाशानं समुद्रात उडी घेतली. होड्या सोडल्या, तो सापडला नाही. त्याच्यामागे राहिलेली जर्मन चिठ्ठी लावायला चायकोव्स्कीनंच मदत केली. एरवी हे सगळं ज्या व्यक्तीला सविस्तर लिहून जीव हलका झाला असता, तिचा पत्ताच मिटला होता. नादेझ्दा फॉन मेक. 1876 पासून दोघांमध्ये बाराशेवर पत्रं झाली, ती वर्षाला सहा हजार रूबल पाठवायची, आणि एकमेकांना भेटायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं. 1890 च्या शरद ऋतूत तिनं पैसेही थांबवले आणि पत्रंही. अमेरिकेतल्या पत्रांमधला एकटेपणा मला या पार्श्वभूमीवर ऐकू येतो. त्यातली काही पत्रं बॉबला आहेत, आणि बॉब साशाचा मुलगा.

5 मे 1891 ला उद्घाटन झालं, त्यानं आपलं मार्च वाजवून घेतलं. 7 मे ला तो 51 वर्षांचा झाला आणि त्याच दिवशी त्यानं आपला तिसरा सुइट सादर केला. टाळ्या भरपूर. वर्तमानपत्रानं मात्र त्याला साठीकडे झुकलेला ठरवलं. संगीताबद्दल लिहायचं सोडून माझ्या रूपाबद्दल का लिहितात, म्हणून तो खंतावला. पोलादसम्राट कार्नेगी त्याला मनापासून आवडला: मिठी मारतो पण मुका घेत नाही, आणि माझ्या वाद्यवृंद चालवण्याची नक्कल इतकी हुबेहूब करतो की मलाच मौज वाटली, असं तो लिहितो. नायगाऱ्याला गेला तेव्हा बेढब पोशाख चढवून, लिफ्टनं खाली उतरून, बोगद्यातून चालत थेट धबधब्याखाली उभा राहिला. गंमत वाटली आणि जरा भीतीही. ही प्रांजळ नोंद मला त्याच्या कितीतरी वाद्यरचनांइतकी ओळखीची वाटते.

बाल्टिमोर, फिलाडेल्फियातले कार्यक्रम आटोपून 21 मे ला तो परतीच्या बोटीत बसला. जूनमध्ये आपला प्रकाशक युर्गेनसनला त्यानं पत्र लिहिलं. पॅरिसमध्ये सेलेस्टा नावाचं नवं वाद्य ऐकलंय, आवाज स्वर्गीय, किंमत बाराशे फ्रँक. मागव, पण कुणाला दाखवू नकोस, रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांना सुगावा लागला तर ते माझ्याआधी वापरतील. शुगरप्लम परीच्या नाचात तेच वाद्य किणकिणतं, आणि ‘नटक्रॅकर’ म्हटलं की लोकांना तेच आठवतं. मला त्याआधीचा आडाजिओ जास्त जवळचा. त्यात चेलोंवर उतरणारे सूर म्हणजे सां नि ध प म ग रे सा, सगळे शुद्ध, पेटी शिकणारं कुठलंही पोर पहिल्या आठवड्यात वाजवतं ते. काही अभ्यासकांना त्यात रशियन चर्चमधल्या अंत्यविधीच्या गाण्याची लय सापडते. ती मला पटते. परीकथेच्या ऐन आनंदात त्यानं शोक लिहून ठेवला, आणि दर नाताळात जगभरची मुलं तो ऐकत मोठी होतात.