इस्त्रीखालचा फोन नंबर

वीकेंडला घरी कपड्यांवर इस्त्रीने डिझाईन छापतो असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "टी-शर्टवर काय लिहिलंस?" लोकांच्या डोळ्यासमोर काळा टी-शर्ट आणि त्यावर कोडिंगचा एखादा पांचट जोक येतो. तसलेही छापलेत मी, नाही कशाला म्हणू :) पण गेले दोन वीकेंड जे छापतोय ते कपड्याच्या आतल्या बाजूला आहे आणि कधी कुणाला वाचायची वेळच येऊ नये असं वाटतं. दोन शब्द, 'घरचा फोन', आणि खाली दोन मोबाईल नंबर. बस्स.

कपडे आजोबांचे. वय ८४. दिवाळीपासून दोनदा वाट चुकले. पहिल्यांदा मागच्याच गल्लीत सापडले. दुसऱ्यांदा साडेतीन तास पत्ता नाही. एका रिक्षावाल्या काकांनी त्यांना बसवून पाणी दिलं, पत्ता विचारला. आजोबांनी खणखणीत आवाजात सांगितलासुद्धा, पण नारायण पेठेतल्या वाड्याचा. तो वाडा पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली त्यालाही आता जमाना झाला.

मोबाईल ते घरीच विसरतात. जीपीएसचं घड्याळ आणलं, ते आंघोळीला काढलं की परत हातात चढत नाही, आणि रोज चार्ज कोण करणार? खिशात चिठ्ठी ठेवली, ती धुण्यात गेली. शेवटी उरतात कपडे. त्यांच्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही.

आता थोडं तांत्रिक. (सवयच आहे, काय करणार!) इंकजेट प्रिंटरचा ट्रान्सफर पेपर मिळतो. त्याच्यावर उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. आपण छापतो ती शाई त्या थरावर बसते, इस्त्रीने थर वितळून कापडाच्या धाग्यांत शिरतो आणि गार झाला की तिथेच घट्ट होतो. शर्टाच्या कॉलरमधलं कडक अस्तर बऱ्याचदा याच तत्त्वावर चिकटवलेलं असतं, त्यामुळे हे काही अगदीच नवं प्रकरण नाही. हा कागद लेसर प्रिंटरमध्ये मात्र घालू नका. आत गरम रोलर असतो, थर तिथेच वितळायचा.

फिकट कपड्यांचा कागद वेगळा, गडद कपड्यांचा वेगळा. फिकटवाल्यावर सगळं उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं. इथे देवनागरीची एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरं उलटी झाली की लगेच खटकतात. आपली शिरोरेषा उलटी केली तरी शिरोरेषाच राहते, त्यामुळे लांबून सगळं ठीकच वाटतं. म्हणून प्रत्येक कागद आरशासमोर धरून वाचायचा, नंबर तर एकेक आकडा करून. आकडे मुद्दाम इंग्रजी ठेवलेत, मोबाईलवर लावणाऱ्याला सोपं जावं म्हणून. नाव-पत्ता नाही टाकला. अनोळखी माणसाच्या हाती तेवढी माहिती कशाला द्यायची?

आपल्याकडे इस्त्री म्हणजे टेबलावर चौपदरी घोंगडी आणि वर चादर. इथे ते चालत नाही, मऊ घोंगडी सगळा दाब खाऊन टाकते. मी आईचा जेवायचा पाट घेतो, त्यावर एकपदरी सुती कापड. पाट जमिनीवर असल्यामुळे अंगाचं वजन टाकता येतं. वाफ बंद. इस्त्री फिरवायची नाही, उचलून-उचलून दाबायची. वाफेच्या भोकांखाली दाब पडत नाही, म्हणून दरवेळी जागा थोडी बदलायची. नवा कपडा आधी एकदा धुवून घ्यायचा, खळ असली तर पकड येत नाही. छापल्यावर २४ तास पाणी लावायचं नाही, नंतर गार पाण्यात. आणि पुढे त्या जागेवर कधीही थेट इस्त्री नको, मध्ये बटर पेपर हवाच.

सुती सदरे आणि बंड्या झटपट झाल्या. अडचण शर्टांची, कारण आजोबांचे सगळे शर्ट टेरिकॉट. कागदाला हवी सुतीची, म्हणजे २०० अंशांच्या आसपासची इस्त्री, आणि टेरिकॉट १५० च्या पुढे नेलं की त्याला चकाकी येते. म्हणून मग सुती पट्ट्यांवर छापलं आणि आईने त्या हाताने टाके घालून आत शिवल्या.

पण खरी अडचण बाबांची होती. ते एका वाक्यात म्हणाले, "माणसाला लेबल लावणार का आता?" आणि उठून गॅलरीत गेले. मला राग आला नाही. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी त्याला प्रोजेक्ट म्हणत होतो. ज्यांनी बाबांना हाताला धरून शाळेत नेलं, त्यांच्या कॉलरमागे आपण नंबर छापायचा.. जेवणं गप्पच झाली त्या दिवशी.

आजोबांना न सांगता करायचं नाही हे मात्र मी ठरवलं होतं. सदरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून कॉलर उलटी केली, अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे तर परटाच्या खुणेसारखं झालं की रे."

मग अर्धा तास तेच. पूर्वी सगळ्या पेठेचे कपडे एकत्र धुवायला जायचे, तरी ज्याचा त्याला परत यायचा, कारण कोपऱ्यात काळी खूण असायची. बिब्ब्याची. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर कापडावर लावला की डाग कायमचा, धुवून जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात ते उगाच नाही. "कडक परीटघडीचे कपडे घालून साहेब मिरवायचा, पण खूण त्याच्याही कॉलरमागे असायची," आजोबा हसत म्हणाले. बाबा गॅलरीच्या दारात उभे राहून ऐकत होते. आत आले, दुसरा शर्ट उचलला आणि पट्टी सरळ लागलीये का ते बघायला लागले.

आत्तापर्यंत नऊ कपडे झालेत. एक बंडी मुद्दाम रोज धुतोय, छाप किती टिकतो ते बघायला. दहाव्या धुण्याला कडा किंचित उचलली, आकडे शाबूत आहेत. टेस्टिंग चालू राहील.

काल आजोबांनी नवी रिक्वायरमेंट दिली. "छत्रीवर पण टाक. ती माझ्यापेक्षा जास्त वेळा हरवते." छत्री नायलॉनची, तिला इस्त्री लावली तर काड्याच उरतील. तिच्यासाठी परमनंट मार्कर आणलाय.