जामीनदार पट्ट्या

पूर्वी भिंत म्हणजे भिंत असे. खिळा ठोकायला गेले की वाकायचा तो खिळा, नाहीतर सुजायचे ते आपले बोट. भिंत मख्ख. जिप्समच्या भिंतीचे तसे नाही. दोन्ही अंगांना कागद चिकटवलेले साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत दर दोनेक फुटांवर पत्र्याचा उभा खांब. बोर्डाची जी काही ऐट असते ती या खांबाच्या जिवावर.

आईला स्वतंत्र खोली हवी म्हणून हॉलमध्ये आम्ही असली भिंत घातली. कपाट आणणाऱ्या हमालांनी त्याचा कोपरा तिच्यात असा काही खुपसला, की वीतभर भोक पडले. तेही नेमके दोन खांबांच्या मधोमध! पण त्या दिवसापासून भिंत बोलू लागली. आम्ही जेवायला बसलो की आतून आवाज, "वांग्यात गूळ घातलास का गं?" खोली मिळाल्यापासून आई फारशी बोलत नसे, हे तेव्हा ध्यानात आले.

तरी भोक ते भोकच. मिस्त्री आले. मी म्हटले, "नुसता तुकडा बसवून टाका ना!"

"कशावर बसवू साहेब? मागं पोकळ. नुसत्या जिप्समात स्क्रू धरत नाही, भुगा होऊन बाहेर येतो."

विनाजामीन कर्ज आमच्या बँकेतही असेच बाहेर येते. फरक इतकाच की येत नाही.

त्यांनी भोक कापून चौकोनी केले. त्याहून लांब अशा दोन लाकडी पट्ट्या घेतल्या. एकेकीच्या पोटात मूठ म्हणून एक स्क्रू पिळला (हातातून सुटली की पट्टी थेट भिंतीच्या तळाला, ती पुढच्या पिढीलाच सापडायची), तिरकी करून आत सरकवली, मागून बोर्डाला घट्ट ओढून धरली आणि शाबूत बोर्डातून दोन्ही टोकांना स्क्रू मारले. झाले जामीनदार उभे! मग मुठी काढून तुकडा त्यांच्यावर आवळला. स्क्रूचे डोके कागदाच्या जरासे आत जावे, पण कागद फाटू नये, एवढीच काय ती कला. सांध्यांवर टेप, त्यावर लांबी. वाळली की पुन्हा लांबी, मग पॉलिश पेपर.

रंग लागल्यावर भोक कुठे होते ते मलाही सांगता येईना. जेवताना मात्र सगळे त्या बाजूला बघत होते. गूळ कमीच पडला होता.

पैसे घ्यायला मिस्त्री आले तेव्हा मी हळूच विचारले, "याच भिंतीत दोन खांबांच्या मध्ये मावेल अशी छोटी खिडकी करायला किती घ्याल?"

"चौकट घालावी लागंल, साहेब."

"जाळीची कर रे बाबा," आई दारात उभी होती, "डास येतात."