पुलापलीकडचे शिरस्त्राण

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्याकडे आप्तेष्टांच्या मागण्या दोनच असतात: एक गंगाजलाची आणि दुसरी उतरण्याच्या सोयीची. त्या पुरवता पुरवता वर्ष सरते. हा मनुष्य रविवारी काय करतो, हे मात्र कोणी विचारीत नाही; आणि विचारलेच, तर "डोंगरात सायकल चालवतो" हे उत्तर कोणास खरे वाटत नाही. काशीस डोंगर कोठला? घाटाच्या पायऱ्या चढताना ज्यांना धाप लागते, त्यांना तेवढाच डोंगर पुरतो.

परंतु डोंगर आहे. सामनेघाटाच्या पुलावरून गंगा ओलांडून रामनगरात शिरावे, नारायणपूर मागे टाकावे आणि अहरौरा येईपर्यंत धीर धरावा. सपाट मुलखास कंटाळलेल्या डोळ्यांना तेथे विंध्याची पहिली कड दिसते, आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा ऊर उगाच भरून येतो. एका बाजूस लखनियाचा धबधबा व कपारींतील आदिमानवाची चित्रे. दुसरीकडे चंद्रप्रभेचे अरण्य. पश्चिमेस चुनारचा किल्ला. सारनाथचा सिंहस्तंभ घडला तो या चुनारी दगडातून, आणि काशीचे घाट बांधले गेले तेही याच दगडाने. चंद्रप्रभेच्या अरण्यात १९५७ साली गीरचे सिंह आणून सोडले होते. ते पुढे नाहीसे झाले. दगडाचे सिंह तेवढे टिकले.

या टापूत आम्ही चार-पाच मराठी मंडळी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत महिन्यातून दोनदा सायकली घेऊन जातो. दोघे रेल्वेच्या इंजिन कारखान्यातले, एक बँकेतले, एक विद्यापीठातले आणि एक आम्ही. वये पंचेचाळीस ते पंचावन्न. म्हणजे हाड मोडले तर ते सावकाश सांधण्याची. सायकली जाड टायरांच्या, डोंगरासाठीच बनवलेल्या. या छंदात पडणे हा अपघात नसून अभ्यासक्रमाचा भाग आहे. तेव्हा पडायचे तर काय घालून पडायचे, हा प्रश्न आम्हांस सोडवावा लागला.

या प्रश्नास काशीत एक स्थानिक बाजूही आहे. काशीत देह पडला की मुक्ती, ही श्रद्धा सर्वांस ठाऊक आहे. पण तिची हद्द गंगेच्या या तीरापुरतीच. पलीकडचे रामनगर म्हणजे व्यासकाशी. विश्वेश्वराने क्षेत्राबाहेर घातलेल्या व्यासांनी तेथे आपली निराळी काशी वसविली, आणि तिथे जो मरतो तो पुढील जन्मी गाढव होतो, असे काशीकर मिश्किलपणे सांगतात. आमचा डोंगर नेमका पुलाच्या पलीकडे. डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांवर पट्टे अशा थाटात आम्ही पहाटे निघालो की चहाच्या टपरीवरून हाक येते, "का गुरु, जंग पर जात हउवा का?" आम्ही मनात म्हणतो, बाबा रे, मुक्तीची हमी पुलाच्या अलीकडेच संपते, पलीकडची व्यवस्था ज्याची त्याने पाहावी.

संरक्षक साहित्य घालणे म्हणजे भित्रेपणा, ही समजूत आपल्या लोकांत अजून आहे. मराठी माणसाने तरी ती बाळगू नये. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज भेटीस गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावरील वस्त्राखाली लोखंडी शिरस्त्राण घालून. त्यांना कोणी भित्रा म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. आपल्यावर घाव कोठे व कसा पडेल, याचा हिशेब त्यांनी आदल्या दिवशीच केला होता. साहित्याची निवड म्हणजे हाच हिशेब.

हा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांनी तो फारसा केला नव्हता. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या जाड चाकांच्या सायकली एका डोंगरउतारावर सोडून शर्यत लावली. उतार इतका की मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. जाड विजार, कामाचे बूट आणि हातमोजे, एवढेच त्यांचे कवच. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला तेव्हा प्रत्येक डोक्यावर हेल्मेट होते.

हेल्मेटची कथा त्याहून जुनी आहे. अरबस्तानच्या लढायांमुळे गाजलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी हे प्रकरण मिटवून फाइल बंद केली नाही. पुढे युद्धकाळात लष्कराच्या मोटारसायकलस्वार जासूदांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला व १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या जासूदांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलस्वाराच्या डोक्याची काळजी वाहते. सायकलस्वाराच्या डोक्याबाबत ते मौन पाळते. जेथे नियम गप्प असतो तेथे अधिकाऱ्याने स्वतःची विवेकबुद्धी वापरावी, असे आम्हांस नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकविले होते.

विवेकबुद्धी घेऊन आम्ही शहरातील एका दुकानात गेलो. दुकानदाराने आयएस ४१५१ ची मुद्रा असलेले मोटारसायकलचे हेल्मेट पुढे ठेवले. वस्तू उत्तम, पण मोटारसायकलसाठी. ते घालून लखनियाचा चढ चढणे म्हणजे डोके भट्टीत ठेवणे. आम्ही सायकलचे मागितले, तेव्हा तो प्रेमाने म्हणाला, "साहब, बाबा की नगरी है, यहाँ कुछ नहीं होता." बाबांचे अधिकारक्षेत्र कोठे संपते, हे आम्ही त्यास सांगितले नाही.

सायकलच्या हेल्मेटमध्ये आतल्या बाजूस एक चिठ्ठी असते. किमतीच्या चिठ्ठीआधी ती वाचावी. तीवर ईएन १०७८ हे युरोपीय किंवा सीपीएससी हे अमेरिकी मानक लिहिलेले असावे. या कसोट्यांत हेल्मेट सपाट लोखंडी पृष्ठावर आपटतात. युरोपीय कसोटीत सुमारे दीड मीटरवरून, अमेरिकी कसोटीत दोन मीटरवरून. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके साधारण याच उंचीवर असते. म्हणजे कसोटी घेणाऱ्यांनी सायकलवरून जमिनीवर पडणारे डोके मनात धरले आहे. ट्रकवर आदळणारे नव्हे. हे एकदा नीट कळले की हेल्मेटकडून नसत्या अपेक्षा राहत नाहीत.

आतला पांढरा थर म्हणजे थर्मोकोलचाच दाट अवतार. तो चिरडतो, आणि चिरडताना आघात स्वतःवर घेतो. हे काम तो एकदाच करू शकतो. एका पडण्यानंतर वरून धड दिसणारे हेल्मेटही बाद करावे लागते. काही हेल्मेटांत आणखी एक सरकते पातळ अस्तर असते. डोके बहुधा सरळ आपटत नाही, तिरपे आपटते, आणि कवटीच्या आत मेंदूस पीळ बसतो. तो कमी करण्यासाठी स्टॉकहोमच्या संशोधकांनी ही योजना काढली. तिला मिप्स म्हणतात. परवडत असेल तर ती घ्यावी.

पण सर्वांत महत्त्वाचे माप. पुण्याच्या पगडबंदाने गिऱ्हाइकाचे डोके मोजल्यावाचून पगडी बांधली नाही; आणि त्याचे नातू मात्र हेल्मेट अंदाजाने घेतात! शिंप्याची फीत कपाळावरून फिरवून घेर मोजावा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे असावे. मागे सरकून कपाळ उघडे पडू नये. पट्ट्यांचे दुबेळके कानाखाली जुळावे आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरावे. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी जमिनीवर पोहोचते.

जबड्यासह सारे तोंड झाकणारे हेल्मेटही मिळते. दात व जबडा वाचविण्यास त्यासारखे दुसरे नाही. परंतु ते तीव्र उतारावर सायकल सोडणाऱ्यांसाठी. आमच्या वाटेत अर्धा दिवस चढच असतो, आणि येथील फाल्गुनात दहा वाजताच ऊन टोचू लागते. गुदमरून काढून हँडलला अडकवलेले कवच पूर्ण असले तरी निरुपयोगी. पडण्याच्या क्षणी अंगावर असते तेच कवच. म्हणून आम्ही मानेच्या वरपर्यंत डोक्याची मागची बाजू झाकणारे, पण तोंड मोकळे ठेवणारे हवेशीर हेल्मेट पसंत केले. गुडघ्यांचे पॅडही याच न्यायाने: चढताना पिशवीत, उतार लागण्यापूर्वी पायांवर. चालताना मऊ राहणारे व आघात होताच कडक होणारे पदार्थ त्यांत आता वापरतात. त्यामुळे पायडल मारणे सोसते. पॅड दुकानात उभ्याने पाहू नये. ते बांधून वीस उठाबशा काढाव्यात. घसरून पोटरीवर आले तर परत करावे.

बाकी निवड दगड करतो. सह्याद्रीच्या मुरमावर सायकल घसरते. विंध्याच्या वालुकाश्मावर मनुष्य खरवडला जातो. ज्या दगडाचे पाटे आणि जाती होतात, तो कातडीचे काय करील हे सांगावयास नको. आणि पडताना मनुष्य प्रथम हात पुढे करतो. म्हणून बोटे पूर्ण झाकणारे, तळव्यास जाड असे हातमोजे हेल्मेटच्या खालोखाल महत्त्वाचे. मात्र हात टेकला की धक्का मनगटातून खांद्याकडे चढतो व गळ्याखालचे आडवे हाड मोडतो. या हाडासाठी खात्रीचे कवच बाजारात नाही. दुर्योधनाच्या कथेपासून हेच चालत आले आहे: प्रत्येक कवचात एक जागा उघडी राहते.

गेल्या पौषात आमच्यातील बँकेच्या गृहस्थांचे हेच झाले. उतारावर वाळलेल्या पानांखाली दगड होता. पुढचे चाक अडले आणि ते हँडलवरून पलीकडे गेले. हाड मोडले, ते दिसतच होते. आम्ही घाबरलो ते वेगळ्याच गोष्टीने. ते उठून बसले आणि त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" आम्ही सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा. हेल्मेट मागच्या बाजूने फुटून त्याचे तीन तुकडे झाले होते.

रुग्णालयात भरती करताना कारकुनाने कागद पुढे केला. नाव, वय, पत्ता भरून झाला. पुढचा रकाना 'रुग्णाशी नाते' असा होता. त्यांचे कुटुंब नागपुरास, मुलगी बंगळुरास. आमची लेखणी थांबली. "रिश्तेदार कोई नहीं?" कारकुनाने विचारले. आम्ही 'मित्र' असे लिहून सही केली. जन्मात हजारो कागदांवर सह्या केल्या; इतकी जड एकही नव्हती. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांच्या आयुष्यात हा रकाना केव्हा ना केव्हा यायचा असतो, आणि तो भरणारी माणसे त्या वेळी बहुधा एका रात्रीच्या प्रवासाइतकी दूर असतात.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. तोवर गृहस्थ शुद्धीवर येऊन, वार आठवून, चहा मागत होते. वहिनींनी खाटेखालच्या पिशवीतून हेल्मेटचे तुकडे काढले, जुळवून पाहिले, भेगेतून बोट फिरवले आणि विचारले, "हे यांनी आपण होऊन घेतलं होतं?"

"हो. तीन दुकानं हिंडून."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग उगीच रात्रभर गाडीत रागावले मी यांच्यावर."

कवच कोणासाठी घ्यायचे असते, हे आम्हांस त्या एका वाक्यात उमगले. तेव्हापासून आमच्या मंडळाचे तीन नियम झाले. एकट्याने जायचे नाही. हेल्मेटच्या आत नाव, रक्तगट आणि दोन दूरध्वनी क्रमांकांची चिठ्ठी चिकटवायची. आणि तिसरा नियम रस्त्याचा. शक्तिनगरच्या मार्गावर अहरौऱ्याच्या खडीचे ट्रक अहोरात्र धावतात, आणि पौष-माघातल्या धुक्यात दहा हातांपलीकडचे दिसत नाही. त्या दीड-दोन तासांत जो धोका आहे तो साऱ्या डोंगरात नाही, आणि दीड मीटरची कसोटी तेथे कामाची नाही. तेव्हा सायकली जीपवर घालून अहरौऱ्यापर्यंत न्यायच्या. आणि चालवीत जाणे भागच असेल तर मागे लाल दिवा, पाठीवर चमकती पट्टी, आणि धुके उठल्यावाचून निघायचे नाही.

चैत्रात गृहस्थांचे हाड सांधले. नव्या हेल्मेटसाठी ते दुकाने पाहू लागले, तोच नागपुराहून खोके आले. वहिनींनी ते मुलीच्या मदतीने मागविले होते. निघताना त्यांनी नवऱ्याचे डोके फितीने मोजून नेले होते. माप तंतोतंत बसले. आत मानकाची चिठ्ठी होती, पिवळे सरकते अस्तर होते, आणि त्याला चिकटवलेल्या कागदावर वहिनींच्या अक्षरात दोन क्रमांक होते: पहिला त्यांचा, दुसरा आमचा. रंग इतका भडक पिवळा की रामनगरच्या किल्ल्यावरून काशीच्या घाटावर दिसावा. बँकेच्या अधिकाऱ्यास तो मुळीच शोभत नव्हता. त्याची थट्टा करण्याची आमच्यापैकी एकाचीही छाती झाली नाही.