पायाखालच्या नहरींचे शहर

व्हेनिसला जाणारा प्रवासी पाणी पाहण्यासाठी जातो. रस्त्यांच्या जागी कालवे, मोटारींच्या जागी नावा. मात्र हे पाणी खारट. तहान भागवण्यासाठी त्या शहराने चौकाचौकांत पावसाचे पाणी फरशीखालच्या वाळूतून गाळून मधल्या विहिरीत साठवले. 1884 मध्ये नळाचे पाणी येईपर्यंत मुख्य आधार याच विहिरींचा होता. पाणी गाळून पिणे हा ज्यांच्या घरी नित्याचा आचार आहे, त्यांना या विहिरी कालव्यांहून अधिक ओळखीच्या वाटाव्यात.

आपल्या अहिल्यानगरची रचना याच्या अगदी उलट. येथे प्यायचे गोड पाणी होते, पण ते जमिनीखालून येत असे. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीनेच्या काठी, शहर वसवले. सीना उन्हाळ्यात आटणारी. तिच्या भरवशावर राजधानी उभी राहणे कठीण. म्हणून कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून नहरी आणल्या गेल्या. उंचावरचे पाणी बेताच्या उताराने, खापरी नळांतून शहराच्या हौदांपर्यंत पोहोचे. मोट नाही, रहाट नाही. सारा हिशेब उताराचा. उतार जास्त झाला तर नळ फुटतो, कमी झाला तर गाळ साचतो. जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकाला यातली काटेकोर नजर वेगळी समजावून सांगायला नको.

एका दिवसात हे शहर पाहायचे तर सकाळी भुईकोट किल्ला गाठावा. त्याचा रुंद खंदक पाहताना 1942 मध्ये येथे आणलेल्या पंडित नेहरूंची आठवण होणारच. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच बंदिवासात लिहिले गेले. कापडबाजार, दाळमंडई, आडतेबाजार वाचकांना पाठ आहेत, तेथे थांबण्याचे कारण नाही. थांबावे ते फराहबागेत. शहराच्या आग्नेयेला विस्तीर्ण तलावाच्या मधोमध हा अष्टकोनी महाल बांधला गेला. 1583 मध्ये सलाबतखानाच्या देखरेखीखाली तो पूर्ण झाला. आज तलाव कोरडा आहे. महालाच्या कमानी पाण्यात पडणाऱ्या प्रतिबिंबासाठी आखलेल्या, आणि खाली नुसते गवत. व्हेनिसचा कालवा आटला तर साऱ्या जगाला दिसेल; नगरच्या नहरी तुटल्या, बुजल्या, नव्या घरांच्या पायांत गेल्या, तेव्हा वरून चालणाऱ्यांना काहीच दिसले नाही.

दुपार उतरू लागली की पाथर्डी रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवरच्या शहा डोंगराकडे निघावे. याच दिशेला पुढे चिचोंडी, आचार्य आनंदऋषीजींचे जन्मगाव. डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी वास्तू सलाबतखानाची कबर आहे. नगरच्या नहरींशी ज्याचे नाव जोडले जाते, तो हाच. लोक मात्र तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. पाणी आणणाऱ्याचे नाव नहरींवर राहिले नाही, कबरीवरही नाही.

वरून शहर, भिंगार आणि मधली उतरती जमीन एका नजरेत येते. नहरींचा मार्ग मनाशी आखून पाहण्यास याहून चांगली जागा नाही. चोविहाराचे बंधन असणाऱ्यांनी मात्र सूर्य कलण्यापूर्वी खाली उतरावे.